राखीव बाण

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी पहिल्या दिवसापासून ओळखून होते. कोठीवाला माणूस. बसगाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात सुट्या भागांची कोठी सांभाळायचा, अजूनही सांभाळतो. मी सगळी नोकरी इस्पितळाच्या वॉर्डात काढली, मेट्रन होऊन निवृत्त झाले, त्यामुळे कोठीवाल्यांची जमात मला चांगली ठाऊक आहे. इकडे पेशंट रक्ताने न्हालेला असतो आणि तिकडे हे विचारत असतात, कापूस नेमका केवढा लागेल. धाकटीचं ठरलं तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, "मुलगा सज्जन आहे, पण त्याच्या हातून काही सुटायचं नाही." आईला वाटलं, मी त्याच्या काटकसरीचं कौतुक करतेय.

त्याची कोठी मी एकदा पाहिली आहे. तो डबा विसरला म्हणून द्यायला गेले होते. लांबट, अंधारी खोली, छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या, मधोमध जाळीची खिडकी आणि खिडकीमागे हा. बाहेर एक मेकॅनिक ग्रीसने माखलेले हात घेऊन उभा. त्याला चाकाचं बेअरिंग हवं होतं. ह्याने विचारलं, "जुनं साफ करून नाही का चालणार?" मेकॅनिक म्हणाला, गेलंय ते. "पूर्ण गेलंय का?" मेकॅनिकने जुनं बेअरिंग खिडकीत ठेवलं. त्यातली एक गोळी घरंगळून खाली पडली. हा म्हणाला, "माझ्याकडे शेवटचं आहे. ते राखीव आहे." बस उभी, मेकॅनिक उभा, डबा घेऊन मी उभी. शेवटी वरचे साहेब आले तेव्हा ह्याने ते बेअरिंग काढून दिलं, तेही एकेक बोट सोडवून घ्यावं लागावं तसं.

राखीव हा ह्या माणसाचा लाडका शब्द. घरातसुद्धा तेच. काचेच्या कपाटातले चांगले कप राखीव, म्हणून घरची माणसं कान तुटलेल्या कपांतून चहा पितात. एक चांगला शर्ट राखीव होता. तो इतका राखला की मधल्या काळात पोट पुढे आलं आणि शर्ट अंगात शिरेना. मग टाकून दिला असेल? छे. आता तो बारीक झाल्यावर घालायला राखीव आहे.

लग्नात मी धाकटीला कापड बेतायची कात्री दिली होती. ती शिवणकाम शिकलेली, हात सफाईचा, म्हणून मुद्दाम शोधून आणली. चांगल्या पोलादाची, हातात घेतली की वजन कळणारी. ती पाहून हा म्हणाला, "वा, फारच छान वस्तू आहे. रोजच्या कामाला नको हं, धार जाईल." कात्री मेणकागदात गुंडाळली गेली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन पडली. धाकटी एका शिवणवाल्या बाईंच्या दुकानात कामाला जाते, शाळेचे गणवेश आणि पडदे शिवते. तिथे बाईंची कात्री वापरते.

असा माणूस खेळ खेळेल तर कुठला खेळेल? मला वाटलं असतं पत्ते, कारण पत्ते पुन्हा गोळा करून डब्यात ठेवता येतात. पण कारखान्यातल्या एका वेल्डरने त्याला संगणकावरच्या एका खेळाचा नाद लावला. माझ्या घरी फरशीचं काम निघालं म्हणून मी काही आठवडे धाकटीकडे राहायला गेले, तेव्हा हे प्रकरण मला जवळून पाहायला मिळालं. पुढची खोली, जिचं दार थेट रस्त्यावर उघडतं, ती सगळी ह्याच्या खेळाने अडवलेली. मोठं टेबल, संगणकाचे दोन पडदे, फिरती खुर्ची, आणि भिंतीलगत आजवर घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं रिकामं खोकं. खोकीसुद्धा राखीव. घरात त्याखेरीज एक झोपायची खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच.

खेळ असा की माणूस एका बेटावर उघडाबंब जागा होतो, हातात एक दगड. मग लाकूड तोडा, शिकार करा, घर बांधा, भुकेने मरू नका. बेटावर असेच आणखी शेकडो लोक असतात, आपापल्या घरी बसून खेळणारे खरे लोक. ते टोळ्या करतात आणि एकमेकांची घरं लुटतात. मोठाल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी करायचा हा उद्योग. ह्याच्या टोळीचं नाव काळे लांडगे. टोळीचा प्रमुख म्हणजे सरदार. हा सरदार दिवसभर औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकतो.

टोळीत ह्याच्याकडे काम होतं बाण करायचं. तिथेही त्याला कोठीवाले म्हणत, आणि ह्याला त्याचा अभिमान. बाकीच्यांना लढायचं असायचं, बाण करत बसायचा कंटाळा. हा मात्र तासन् तास पक्षी मारून पिसं गोळा करायचा, काड्या तासायचा, आणि कामाच्या ओट्यापुढे उभा राहून एकेक बाण तयार होताना बघायचा. नुसत्या टोकदार काडीचा बाण, दगडी टोकाचा, हाडाच्या टोकाचा, लोखंडी, चिंधी गुंडाळून चरबीत बुडवलेला आगीचा, आणि कसल्याशा झाडाच्या रसात बुडवलेला झोपेचा, ज्याने जनावर मरत नाही, आडवं होतं आणि मग पाळता येतं. हे मी का सांगू शकते? कारण जेवताना दुसरा विषय नसायचा.

"ताई, लोकांचा समज असतो की बाण म्हणजे बाण," तो भाताचा घास हातात धरून म्हणायचा. "हाडाचा हलका, जवळून उत्तम. चिलखतावर मात्र आपटून पडतो. तिथे लोखंडी. लाकडी फाटक असेल तर आगीचा. पण पाऊस असेल तर आगीचा फुकट."

"आणि तुम्ही आजवर मारलेत किती?"

"मारायचं काम दुसऱ्यांचं असतं."

"मग त्या दुसऱ्यांना देता?"

ह्यावर तो घास तोंडात घालायचा. देत नव्हता. टोळीच्या घरात त्याने एक मोठी पेटी ठेवली होती, तिला आकड्यांचं कुलूप, आणि वर खेळातलीच एक पाटी: राखीव, विचारल्याशिवाय हात लावू नये. आत सगळ्या जातींचे बाण रचून ठेवलेले. लढवय्ये मात्र टोकदार काड्या घेऊन लढायला जायचे आणि मरून परत यायचे. धाकटी वाढता वाढता हसून म्हणाली, झोपेचा बाण मला द्या, म्हणजे रात्री तरी लवकर झोप लागेल. मी मनात म्हटलं, तुला तो लग्नातच लागलाय.

हे सगळं मी करमणूक म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच दिवसांत शिवणवाल्या बाईंनी धाकटीला बोलावून घेतलं. बाईंना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. दुकान बंद करून त्या मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "दोन मशिनं, काठ शिवायचं मशीन, बेतायचं टेबल, आणि माझी सगळी गिऱ्हाइकं तुला दिली. जागा तेवढी तुझी हवी, आणि ती रस्त्यावर हवी. रविवारी दुपारी टेम्पो पाठवते. तुझ्याकडे जागा झाली नसेल, तर टेम्पो तसाच माझ्या भाचीकडे जाईल. मला सोमवारी दुकान रिकामं करून द्यायचंय."

रस्त्यावरची जागा घरात एकच होती. टेबल झोपायच्या खोलीत सरकवायचं, खोकी फेकायची, झालं. अर्ध्या तासाचं काम. धाकटीने त्याच संध्याकाळी विचारलं. तो म्हणाला, "कल्पना चांगली आहे. बघू." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा." त्याच्या पुढच्या दिवशी त्याला प्रश्न पडला की मशिनं खिडकीकडे ठेवायची की भिंतीकडे, आणि ते ठरल्याशिवाय हो कसं म्हणायचं. नाही असं तो एकदाही म्हणाला नाही. नाही म्हणाला असता तर मी त्याचा थोडा तरी मान ठेवला असता.

रागावले ते धाकटीवरच. भांडी विसळताना तिला म्हटलं, "तू विचारतेस कशाला त्याला? उचल ते टेबल आणि ठेव आत."

"ठेवेन गं. मला काय जड आहे?" ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून एक वस्तू काढून दिली नाही मला. ही खोली आपणहून दिली, तर बरं वाटेल."

"म्हणजे रविवारी टेम्पो भाचीकडे जाणार."

तिने कान तुटलेला कप पुसून जागेवर ठेवला.

रविवार उजाडला. जेवणं झाली आणि हा खुर्चीत जाऊन बसला, कारण त्या दुपारी पलीकडची एक टोळी काळ्या लांडग्यांवर चालून येणार अशी बातमी होती. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. ह्याच्याकडे कानाला लावायचे नवे हेडफोन आहेत, पण ते राखीव, त्यामुळे सरदाराचा आवाज स्पीकरवरून घरभर. मी दिवाणावर मटार सोलत बसले होते. धाकटी दारात उभी होती, चांगली साडी नेसून, केस बांधून. पडद्यावर त्या बेटावर पाऊस पडत होता. आमच्या रस्त्यावर लख्ख ऊन.

"कोठीवाले, पेटी उघडा," सरदार म्हणाला. "फाटकाशी आलेत."

"त्यांच्यात चिलखतवाले कोण कोण आहेत?"

"अहो, मी काय त्यांची हजेरी घेऊ?"

"नाही, चिलखत असेल तर लोखंडी काढतो. नसेल तर हाडाचे पुरतील. लोखंडी उगीच वाया जायला नकोत."

बाहेर हॉर्न वाजला. टेम्पो दारात येऊन थांबला. मागे मशिनं, जुन्या चादरीत गुंडाळलेली, दोरीने आवळून बांधलेली. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "बाई, उतरवायचं ना इथे?"

धाकटी वळून म्हणाली, "अहो, टेम्पो आलाय."

"अगं, पाच मिनिटं. इथे फाटक पडतंय."

"ते मशिनांचं विचारतायत. काय सांगू?"

"बघू ना. घाई काय आहे?"

टेम्पोवाल्याला घाई होती. त्याने इंजीन बंदसुद्धा केलं नव्हतं. म्हणाला, बाईंनी दुसराही पत्ता दिलाय, तुमचं ठरत नसेल तर मी तिकडे जातो.

स्पीकरवर सरदार ओरडत होता, "त्यांनी ओंडका आणलाय, फाटकावर आपटतायत. आगीचे बाण द्या, ओंडका जाळू."

"पाऊस आहे. ओल्यात आगीचा विझतो. पाऊस थांबू दे."

पाऊस थांबला. थांबल्याबरोबर समोरच्यांनी स्वतःचे आगीचे बाण सोडले आणि काळ्या लांडग्यांचं फाटक भसाभसा पेटलं. आमचा कोठीवाला आमच्याकडे वळून म्हणाला, "बघितलंत? मी म्हणत नव्हतो? पाऊस थांबला की आगीचेच चालतात." चेहऱ्यावर खरंखुरं समाधान. मी मटार बाजूला ठेवले. इतका मूर्ख माणूस मी वॉर्डातसुद्धा पाहिला नव्हता, आणि वॉर्डात मी थर्मामीटर चावून खाणारे पाहिलेत.

"मग मारा की आता आगीचे!" सरदार स्पीकरवरून ओरडला.

"आता ते आत आलेत. आत आपलं लाकडी घर आहे. आपलंच जळेल."

प्रत्येक वाक्य बरोबर होतं. हेच तर त्याचं दुखणं. चुकीचं बोलणाऱ्याला गप्प करता येतं, ह्याला काय करणार? पडद्यावर पेटी उघडी होती, आत बाण रांगेने मांडलेले, आणि बाण निवडायचा ह्याचा चौकोन हाडाच्या रांगेवरून लोखंडीवर, लोखंडीवरून आगीच्या रांगेवर, पुन्हा हाडाच्या रांगेवर फिरत होता. बाहेर एकेक लांडगा मरत होता. सरदाराचा आवाज एकदम खाली आला.

"कोठीवाले," तो म्हणाला, "एक बाण. कुठलाही."

चौकोन थांबला नाही. मागून कोणीतरी कुऱ्हाड घातली आणि पडदा लाल होऊन गेला. पुढच्या क्षणी आमचे मेहुणे पुन्हा समुद्रकाठी उघडेबंब उभे, हातात एक दगड. पेटी तिकडे उघडीच राहिली होती. लुटणाऱ्यांनी ती रिकामी केली आणि त्यातलेच बाण उरलेल्यांवर चालवले, भराभर, हाताला येईल तो.

"हा लोखंडी लागला मला," सरदार म्हणाला. "चांगला केलाय हो." आणि त्याचा आवाज बंद झाला. बाकीचेही एकेक करून निघून गेले.

मी हसणार होते. खरंच, हसू अगदी ओठावर आलं होतं. पण धाकटीकडे लक्ष गेलं. ती पडद्याकडे बघत होती, त्या उघड्या माणसाकडे. मग ती रस्त्याकडे वळली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "उतरवा."

आत येऊन तिने टेबलाचं एक टोक धरलं. "ताई, ते टोक धर. अहो, उठा."

"अगं पण कुठे ठेवायचं ते आधी..."

"कुठेही," ती म्हणाली.

तो उठला. मी इतकी वर्षं त्याला ओळखते, पण असा उठलेला पाहिला नव्हता, जाळीच्या खिडकीबाहेर पहिल्यांदाच उभा राहिल्यासारखा. आम्ही दोघींनी टेबल ओढलं, वायरी निघाल्या, पडदे काळे झाले. तो एक पडदा छातीशी धरून आमच्या मागोमाग झोपायच्या खोलीत आला आणि पलंगावर ठेवून पुन्हा बाहेर गेला. खोकी मी रस्त्यावर फेकली. ह्या एका कामात मला मनापासून आनंद झाला. माझ्या हातातल्या एका खोक्यासाठी त्याने हात पुढे केला होता, पण मी बघितलं तसा मागे घेतला.

मशिनं आत आली. टेम्पोवाला पहिल्या मशिनाच्या दोरीशी झटापट करत होता. गाठ प्रवासात आवळली गेली होती. "काही कापायला द्या बुवा," तो वैतागून म्हणाला. "मला पुढे जायचंय."

मी स्वयंपाकघरातली सुरी आणायला निघाले तोच हा म्हणाला, "मी आणतो," आणि आत गेला. संपलं, मी मनात म्हटलं. आता हा बाहेर येऊन विचारणार, दोरी सुताची आहे की नायलॉनची. आत कपाटाचं दार वाजलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ती कात्री होती. मेणकागद काढलेला. इतक्या वर्षांत तिच्यावर एक डाग पडला नव्हता, खिडकीतल्या उन्हात नुसती चमकत होती. त्याने ती धाकटीपुढे धरली. "ही घे," म्हणाला. कशाला पाहिजे, किती वेळ पाहिजे, काही विचारलं नाही.

माझं डोकं फिरलं. "अहो, ती कापड बेतायची आहे," मी म्हटलं. "दोरीला लावतं का कोणी? एका कापात धार जाईल तिची." शिवणकामातलं हे पहिलं शिक्षण, कापडाची कात्री कागदालासुद्धा लावायची नसते. जन्मात एकदा ह्या माणसाने आपणहून काही काढून दिलं, आणि तेही चुकीच्या कामाला. सहा जातींच्या बाणांचं शास्त्र सांगणारा हा शहाणा.

त्याचा चेहरा उतरला. हात हळूहळू मागे जायला लागला, कात्रीसकट.

धाकटीने पुढे होऊन ती घेतली. तळहातावर वजन पाहिलं, बोटं कड्यांत घातली, एकदा रिकामीच उघडून मिटली. हे सगळं तिला माझ्याहून जास्त कळतं. मला वाटलं, आता ती कात्री नीट बाजूला ठेवील आणि मला सुरी आणायला सांगेल.

तिने दोरी पात्यांत धरली आणि कचकन कापली. मग दुसरी. मग तिसरी. चादर सुटून खाली पडली.

"ताई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "धार लावून मिळते."